तिसऱ्या मजल्यावर दिवा लागला नाही

बेल्मीरूला खुर्चीत बसलेला पाहिलाय असं सांगणारा कुणी कोइंब्रात भेटला, तर तो थापा मारतोय असं खुशाल समजा. माझ्या खानावळीत तो सव्वीस वर्षं वाढपी होता. जेवायचासुद्धा उभ्यानं, ताट भट्टीच्या कट्ट्यावर ठेवून, आणि दोन घासांच्या मध्ये दाराबाहेर डोकावून यायचा.

"अरे, कोण येणार आहे तुझं?" मी विचारायचे.

"कुणी नाही, मालकीण. जरा पाय मोकळे करतो."

दिवसभर उभा असलेला माणूस पाय मोकळे करतो म्हणजे नक्की काय करतो, ते देवालाच ठाऊक.

खानावळ माझ्या वडलांची. जुन्या कॅथेड्रलखाली, कंबरमोड्या पायऱ्या वळतात त्या कोपऱ्यावर. आठ टेबलं आणि एक भट्टी. आमच्याकडे लोक येतात ते शान्फाना खायला: म्हातारी शेळी, तांबडी वाइन, लसूण, काळं मडकं, आणि रात्रभर मंद धग. यात कसब काही नाही. शेळी म्हातारी हवी आणि माणसाला घाई नको. मला घाई फार, म्हणून मडकी बेल्मीरू लावायचा. त्यालाही स्वस्थता नव्हतीच, पण त्याची अस्वस्थता सगळी पायांत होती. हातात विलक्षण धीर होता. माझी अस्वस्थता हातात आहे आणि तोंडातही, हे गल्लीतला कुणीही सांगेल.

बेल्मीरू मिरांदाच्या डोंगरातला. अकरा वर्षांचा असताना बापानं त्याला कोइंब्राच्या एका बेकरीत आणून सोडला. पहाटे पाठीवर पावाची टोपली घेऊन तो वरच्या गल्ल्यांत विद्यार्थ्यांच्या घरोघरी जायचा. काळे डगले पांघरलेली ती मोठी मुलं रात्री कुणाच्या तरी खिडकीखाली गाऊन, गळे बसवून परतायची आणि याच्या टोपलीतला गरम पाव तिथेच फोडून खायची. गाणी त्याच्या कानावर अशी पडली, पावाच्या वासाबरोबर. पुढे विद्यार्थ्यांचं सरकारशी वाजलं. निषेध म्हणून मुलांनी गाणी बंद केली, डगले पेटीत घातले, आणि कित्येक वर्षं आमच्या गल्ल्या मुक्या झाल्या. त्या वर्षांत बेल्मीरू नदीकाठच्या चिनारांत जाऊन एकटाच गायचा म्हणे. मग त्याला लष्करात ओढला आणि समुद्रापलीकडे गिनीच्या जंगलात लढाईवर पाठवला. तिथून आला तो हा असा, दाराकडे पाठ करून उभा न राहणारा. तिकडच्या गोष्टी त्यानं कधी सांगितल्या नाहीत आणि मी कधी उकरल्या नाहीत.

त्यानंतर त्यानं काय काय केलं ते विचारू नका. स्टेशनच्या उपाहारगृहात होता, लाँड्रीची गाडी चालवली, इस्पितळात रोग्यांच्या खाटा ढकलल्या, बाजारात मासे विकले. कुठेही वर्ष काढलं नाही. भांडण नाही, तंटा नाही. एक दिवस डोक्यावर टोपी घालायचा आणि चालू लागायचा. वडलांनी त्याला ठेवला तेव्हा मी म्हणाले होते, हा ईस्टरपर्यंतसुद्धा टिकायचा नाही. वडील गेले, माझा नवरा फ्रान्सला गेला तो तिकडचाच झाला, आणि बेल्मीरू मात्र टिकला. मला वाटायचं, आमच्या मडक्यांचा लळा लागला त्याला. माणूस स्वतःबद्दल किती गोड समज करून घेतो.

लळा समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याचा होता.

तिथे हर्मीनियाबाई राहायच्या. खालच्या बाजारपेठेतल्या शाळेत त्यांनी अर्ध्या कोइंब्राला अक्षरं गिरवायला शिकवलं. मलाही. त्यामुळे आम्ही सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतो आणि साठी आली तरी त्यांच्यासमोर नखं लपवतो. लग्न केलं नाही. का, ते माहीत नाही. रोज सकाळी दहाला त्या खाली उतरायच्या, माझ्या काउंटरशी उभ्या राहून एक छोटी कॉफी घ्यायच्या, पेपरातल्या चुका मोठ्यानं वाचून दाखवायच्या आणि जायच्या. संध्याकाळी खानावळीत कधी पाऊल टाकलं नाही. कॉफी त्या दारात यायच्या आधीच काउंटरवर तयार असायची, कारण बेल्मीरूला त्यांच्या बुटांचा आवाज दोन मजले आधीच ऐकू यायचा. "सुप्रभात, बाई." "सुप्रभात, सेन्योर बेल्मीरू. आज थंडी आहे." "आहे, बाई." झालं. सव्वीस वर्षांचं बोलणं एवढंच, फक्त मधे मधे उकाडा असायचा.

आता हल्ली आमच्या गल्लीत सकाळपासून चाकांच्या बॅगा दगडांवरून खडखडत जातात. लोक येतात ते विद्यापीठ बघायला, ज्या ग्रंथालयात वटवाघळं पुस्तकांतली कीड खातात ते बघायला, शेळी खायला, संध्याकाळी एखाद्या तळघरात वाइनचा पेला घेऊन गाणं ऐकायला, आणि मग विद्यार्थ्यांच्या बारमधून पहाटे गल्लीत ओरडत परतायला. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्यामुळेच भट्टी पेटते. पण ते झोपतात कुठे? जिथे आधी माणसं राहायची तिथे. समोरची इमारत पोर्तूहून आलेल्या कुणा मालकानं घेतली. तळमजल्यावर पाहुण्यांसाठी भाड्याच्या खोल्या झाल्या, मग पहिल्यावर, मग दुसऱ्यावर. प्रत्येक दाराला किल्लीची एक छोटी पेटी लागली. नाताळाच्या सुमारास बाई कॉफी घेताना म्हणाल्या, "लुदोविना, जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी मी फिगेइराला बहिणीकडे जातेय. कायमची. तिला तिचे गुडघे चालू देत नाहीत, आणि मला घरमालक राहू देत नाही."

बेल्मीरूच्या हातातली बशी पडली नाही. त्यानं ती पुसली, परत पुसली, आणि तिसऱ्यांदा पुसायला लागला तेव्हा मी हातातून काढून घेतली.

त्या दिवसापासून त्याच्या पायाला जी भिंगरी लागली, ती बघून मलाच चक्कर यायची. पाणी मागितलं तर मीठ आणायचा. टेबल दोनचं मडकं टेबल सातला द्यायचा. दुपारी खानावळ बंद केली की खाली नदीपर्यंत जायचा, पूल ओलांडायचा, पलीकडच्या सांता क्लाराच्या टेकडीवर चढायचा, तसाच परत यायचा, आणि घामेजल्या चेहऱ्यानं विचारायचा, "मालकीण, काही काम आहे?" मला सगळं कळत होतं आणि डोक्यात तिडीक जात होती.

"जा आणि सांग ना त्यांना," मी एकदा म्हणाले.

"काय सांगू?"

"थंडी आहे म्हणून सांग."

तो फडकं उचलून दाराकडे गेला, आणि माझीच जीभ मला टोचली.

खरी आग लावली ती गास्पारनं. हा आमच्या वरच्या गल्लीतला, बेडकांच्या प्रजासत्ताकातला. विद्यार्थी दहा-बाराजण मिळून एक जुनं घर चालवतात, एकत्र स्वयंपाक करतात, एकत्र भांडतात, आणि त्या घराला प्रजासत्ताक म्हणतात. त्यांच्याकडे वर्ष मोजायची तऱ्हाही वेगळी: घराचं एक वर्ष म्हणजे एक शतक. दरवर्षी शताब्दी साजरी करतात आणि माझी अर्धी वाइन संपवतात. गास्पार कायद्याच्या कितव्या वर्षाला आहे, हे त्याच्या आईलाही सांगता यायचं नाही, पण गिटार झकास वाजवतो. परीक्षेचे दिवस होते, म्हणून साहजिकच तो माझ्याकडे बसलेला होता. बेल्मीरूनं त्याच्या सूपमध्ये साखर घातली तेव्हा त्याला शंका आली, आणि मी रागाच्या भरात सगळं सांगून टाकलं.

"बेल्मीरूकाका," तो म्हणाला, "किती वर्षं झाली?"

"सव्वीस," मीच म्हणाले.

"म्हणजे आमच्या हिशेबानं सव्वीसशे. काका, येशूच्याही आधीपासून थांबलायत तुम्ही."

"तू सूप पी," बेल्मीरू म्हणाला.

"सूप गोड आहे. काका, बोलता येत नसेल तर गा. त्यासाठीच तर आपल्या गावात सोय करून ठेवलीय."

सोय म्हणजे खिडकीखालचं गाणं. जिच्यासाठी गायचं ती वर अंधारात उभी राहून ऐकते. खिडकी उघडत नाही, तोंड दाखवत नाही. गाणं संपलं की दिवा लावून विझवते, तीनदा. तर गाणं पोचलं. नाही लावला, तर तोंडातून एक शब्द न काढता निघून जायचं, आणि पुन्हा त्या खिडकीचा विषय काढायचा नाही. वर कुणी टाळ्या वाजवत नाही, खाली कुणी हाक मारत नाही. हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, म्हणूनच बहुधा आजवर पाळलं गेलंय.

बेल्मीरूनं फडकं खांद्यावर टाकलं. "ते डगलेवाल्यांचं काम. मी फुत्रिका आहे."

विद्यापीठाबाहेरच्या आम्हा गाववाल्यांना विद्यार्थी फुत्रिका म्हणतात. शिवी नाही, पण लाडाचं नावही नाही.

"माझा डगला घाला."

"मेलो तरी नाही घालणार." आवाज इतका वर गेला की टेबल पाचवरच्या पाहुण्यांनी काटे खाली ठेवले. "जे माझं नाही ते अंगावर घालून मी तिच्या... बाईंच्या खिडकीखाली उभा राहू? त्यांनी अर्ध्या गावाला खरं बोलायला शिकवलंय."

गास्पार प्रथमच गंभीर झाला. त्यानं हातातला पावाचा तुकडा चुरडला. मग म्हणाला, "डगले आम्ही घालतो. चौघं. तुम्ही मधे उभे राहा, तुमच्या पांढऱ्या शर्टात. डगल्याबद्दल नियम आहे, गळ्याबद्दल कुठे आहे?"

"आणि दिवा नाही लागला तर?"

"तर नाही लागला."

बेल्मीरू उठून — म्हणजे उभा होताच — दाराशी गेला, समोर वर बघितलं, परत आला. "मालकीण," तो मला म्हणाला, "नाही लागला तर शनिवारनंतर मी इथे राहणार नाही. गावी जातो. भावाच्या शेळ्या आहेत."

माझा जीव तेव्हापासून टांगणीला. खोटं कशाला बोलू, मला त्याच्या प्रेमापेक्षा माझ्या आठ टेबलांची काळजी जास्त वाटली. आधी तसंच वाटलं.

ठरला गुरुवार. वेळ संध्याकाळी सातची, कारण आठला खानावळ उघडायची होती आणि प्रेमासाठीसुद्धा मी भट्टी थंड ठेवणार नव्हते. जानेवारीत सातला काळोख मिट्ट असतो, त्यामुळे काही अडत नव्हतं. दुपारभर बेल्मीरूनं मडक्यांना हात लावला नाही. शर्टाला तीन वेळा इस्त्री केली. मग म्हणाला, आवाज बसलाय. मी मध घालून गरम दूध दिलं. मग म्हणाला, शब्द विसरलो. मी म्हटलं, मग तेवढ्या जागी गुणगुण. मग म्हणाला, त्या घरी नसतील.

त्या खरंच नव्हत्या. साडेपाचलाच शाल गुंडाळून खाली बाजारपेठेत गेल्या होत्या, ओळखीच्यांचा निरोप घ्यायला. सात वाजायला आले तरी पत्ता नाही. चौघं डगलेवाले पायऱ्यांवर गिटारी पोटाशी धरून गारठले होते आणि बेल्मीरू वीस पावलं वर, वीस पावलं खाली करत होता. शेवटी बुटांचा आवाज आला. बेल्मीरूनं तो आमच्या कुणाच्याही आधी ऐकला, आणि तो असा जागच्या जागी गोठला की गास्पारनं त्याला दंडाला धरून भिंतीच्या सावलीत ओढला. बाई समोरून गेल्या. जिन्यातला दिवा आपोआप लागला. पाहुण्यांसाठी लावलाय तो. पहिला मजला, दुसरा मजला, वरच्या दाराची कडी. आणि त्यांनी खोलीत पाऊल टाकलं असेल-नसेल तोच गिटारी सुरू झाल्या.

मी दारात उभी होते. वर दिवा लागला नाही. बाई कोइंब्राच्याच, त्यांना माहीत होतं की गाणं चालू असताना दिवा लावत नाहीत.

बेल्मीरू गायला. आता तुम्हाला वाटेल, मी म्हणेन की आवाज देवदूताचा होता. नव्हता. सासष्ट वर्षांच्या माणसाचा होता, पहिल्या ओळीत चिरकला, दुसरीत सावरला. पण तिसऱ्या ओळीपासून गल्लीत जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही. चार काळ्या डगल्यांच्या मधे तो एक पांढरा शर्ट, मान वर, हात बाजूला सोडलेले. मला माझा नवरा आठवला, वडील आठवले, आणि आपण कुणासाठी काहीच गायलो नाही याचं एवढं वाईट वाटलं की मी दाराची चौकट धरली.

गाणं संपलं. सगळे वर बघत राहिले.

तिसऱ्या मजल्यावर काळोख. दुसऱ्या मजल्याची खिडकी मात्र धाडकन उघडली. आत पाहुण्यांचा घोळका, हातात फोन. त्यांनी टाळ्या पिटल्या, शिट्या मारल्या आणि "आणखी! आणखी!" असं आपल्या भाषेत ओरडले. त्या बिचाऱ्यांना काय माहीत. गास्पारनं वर बघून बोट ओठांवर ठेवलं, तर एकीनं ते चुंबन समजून परत पाठवलं. आम्ही वाट बघितली. तिसरा मजला काळाच राहिला. मग बेल्मीरूनं मान खाली घातली, वळला, आणि नियमाप्रमाणे एक शब्द न बोलता पायऱ्या उतरून गेला. चौघं डगले त्याच्या मागोमाग.

आठला तो परत आला. मला वाटलं नव्हतं येईल. ऍप्रन बांधला, हात धुतले, आणि कामाला लागला. त्या रात्री त्यानं एकही चूक केली नाही. पाण्याच्या जागी पाणी, मिठाच्या जागी मीठ. बघवत नव्हतं. आठही टेबलं भरलेली: चार पाहुण्यांची, दोन गावातली, एकावर समोरच्या दुसऱ्या मजल्यावरून टाळ्या पिटणारे तेच, आणि कोपऱ्यात गास्पार आणि त्याचे बेडूक, तोंडं पाडून.

"काका, बसा जरा," गास्पार हळूच म्हणाला.

"सात नंबरला वाइन द्यायचीय," बेल्मीरू म्हणाला आणि गेला.

मी भट्टीशी उभी राहून समोरच्या अंधाऱ्या खिडकीला शिव्या घालत होते. बाई आहेत म्हणून काय झालं? माणसाला नाही म्हणायचं तर दुसऱ्या दिवशी कॉफी घेताना म्हणा. अशी दगडासारखी गप्प? मला शाळेत पट्टी खाल्लेली आठवली आणि तेव्हाचा रागही त्यात मिसळला.

तेवढ्यात दार उघडलं.

हर्मीनियाबाई. अंगात घरातला झगा, वरून हिवाळी कोट, बटणं वरखाली लागलेली. एका पायात बूट, दुसऱ्यात सपात. केस सुटलेले. मी त्यांचे केस सुटलेले कधी पाहिले नव्हते. गावात कुणीच पाहिले नसावेत. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. दाराच्या आतल्या बाजूला आमचं बटण आहे, वडलांच्या काळातलं, काळं, जाडजूड, सगळ्या खोलीचे दिवे त्यावर. बाईंनी त्यावर हात ठेवला आणि खाली ओढलं.

खानावळ काळी ठिक्कर पडली. कुणाचा तरी चमचा पडला.

वर. उजेड. पाहुणे माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं, फ्यूज गेला. खाली. अंधार. "ही काय भानगड," गावातला कुणीतरी म्हणाला, आणि दुसऱ्यानं त्याला "गप" म्हटलं, कारण त्याच्या डोक्यात प्रकाश पडला होता. वर. पुन्हा खाली. मग तिसऱ्यांदा उजेड आला आणि बाईंनी बटणावरचा हात काढला.

कोपऱ्यातल्या बेडकांनी घसे खाकरले, आधी एकानं, मग सगळ्यांनी, मग गावातल्या दोन्ही टेबलांनी. गाणं मनाला लागलं तर आम्ही टाळ्या वाजवत नाही, खाकरतो. पाहुण्यांना वाटलं, शेळीचं हाड अडकलं. एका सज्जन गृहस्थानं उठून गास्पारच्या पाठीत गुद्दे घालायला सुरुवात केली.

बेल्मीरू खोलीच्या मधोमध उभा होता. दोन्ही हातांत फडक्यात धरलेलं मडकं, त्यातून वाफा येतायत.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "बटाटे संपलेत."

"मी बटाटे खायला नाही आले." बाईंचा श्वास अजून बसला नव्हता. "सेन्योर बेल्मीरू, उत्तर ऐकायच्या आधी वर्गातून पळून जाणाऱ्या मुलांना मी काय करायची, माहीत आहे?"

"मी शाळेत गेलो नाही, बाई."

"दिसतंय ते. माझी वीज कापलीय. मीच सांगितलं होतं त्यांना, घर सोडतेय म्हणून. मला वाटलं, उद्या येतील. ते आज आले, मी बाहेर असताना. मी बटण दाबलं. तीनदा दाबलं. मग स्वयंपाकघरातलं दाबलं. मग न्हाणीघरातलं. मग काडेपेटी शोधली तर ती कुठल्या पेटीत बांधलीय ते आठवेना. तोवर खाली कुणी नाही, फक्त ते दुसऱ्या मजल्यावरचे गोंधळ घालतायत. मग झगा घातला, केस सोडले, निजायला गेले; पण राहवेना, तेव्हा त्या अंधारात बूट शोधत बसले. एकच सापडला." त्यांनी आजूबाजूला बघितलं, आपण कुठे उभ्या आहोत ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि तरीही आवाज खाली आणला नाही. "मी दाबलं होतं. हे नीट समजलं पाहिजे. मी दाबलं होतं."

"हो, बाई."

"बाई म्हणू नका."

एवढं मात्र त्याला एका दिवसात जमणारं नव्हतं. तो तसाच उभा, मडक्याची धग बोटांना लागत असणार तरी तसाच. मग त्यांनी गास्पारच्या टेबलाची एक खुर्ची ओढली आणि त्यावर हात थोपटला. "बसा."

बेल्मीरूनं माझ्याकडे पाहिलं. त्या सव्वीस वर्षांत माझ्याकडे परवानगी मागितलेली ती पहिली वेळ. मी जाऊन त्याच्या हातातलं मडकं काढून घेतलं, बोटं चांगली भाजली, आणि ते टेबल चारला नेऊन आदळलं. वळून बघितलं तर तो बसला होता. पाठ दाराकडे होती.

तुम्हाला वाटेल, मग बाई राहिल्या. कुठे राहणार? खोली गेली ती गेली, आणि बहिणीचे गुडघे काही गाण्यानं बरे होणार नव्हते. शनिवारी फिगेइराच्या बसवर दोघंही चढली. मी पेट्या उचलायला गेले होते. बेल्मीरू खिडकीशी बसला, उठला, खाली उतरून पेट्या नीट लागल्यात का ते बघितलं, परत चढला, परत उतरला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मला मिठी मारायची की हात मिळवायचा, हे त्याला ठरवता येईना, म्हणून त्यानं माझ्या कोटाची कॉलर सारखी केली. "मालकीण, मंद धग," तो म्हणाला. "घाई करू नका." आतून बाईंनी त्याची बाही धरली आणि ओढलं. "बस आता, बेल्मीरू." तो बसला. गाडी सुटली.

मी पायऱ्या चढत परत निघाले. खूप आनंद झाला होता आणि खूप राग आला होता, आणि दोन्ही एकाच माणसावर. अर्ध्यावर दम लागला तरी थांबले नाही. थांबता येत नाही मला. खानावळीत पोचले, कोट काढला, आठ टेबलं पुसली, पुसलेलीच परत पुसली, दाराशी जाऊन आले. मग कळलं की मी कुणाची तरी वाट बघतेय, कुणीतरी येऊन माझी बाही धरून मलाही बस म्हणावं म्हणून. कुणी नव्हतं. साडेसात वाजले होते. मी भट्टी पेटवली.